झाडाला टेकलेली रायफल

जुनी वस्तू ओळखणे आणि ती पूर्ववत करणे ही कामे आपण एका दमात उच्चारतो. पण ती अनेकदा एकमेकांच्या आड येतात. नोव्हेंबर २०१४ मध्ये अमेरिकेतील नेवाडा राज्याच्या ग्रेट बेसिन राष्ट्रीय उद्यानात एक विंचेस्टर रायफल सापडली. तिची हकीकत वाचताना हे आम्हांस प्रकर्षाने जाणवले.

पुरातत्त्वीय पाहणीत ती जुनिपरच्या झाडाला टेकलेली आढळली. लाकडी दस्ता उन्हापावसाने करडा पडून तडकला होता, त्याचे टोक मातीत रुतले होते, नळी गंजली होती. घोड्यामागील पट्टीवरची ‘मॉडेल १८७३’ ही अक्षरे मात्र शाबूत होती. चापाभोवतीची कडी खाली-पुढे ढकलून परत ओढली की रिकामे काडतूस बाहेर पडून नवे आत येते, अशा लिव्हर जातीची ही बंदूक. तिच्या सात लाखांहून अधिक प्रती निघाल्या. १८८२ च्या सुमारास ती पंचवीस डॉलरांत मिळे. थोडक्यात, ती दुर्मिळ नव्हती. सामान्यांच्या हातातली होती.

वायोमिंगमधील कोडी येथील बंदूक-संग्रहालयात तिचा क्रमांक कारखान्याच्या नोंदींशी ताडून पाहिला गेला. १८८२ मध्ये ती गोदामातून रवाना झाली, एवढे कळले. कोणाकडे, ते नोंदीत नव्हते. मग इस्पितळात तिची क्ष-किरण तपासणी झाली. बंदूक रिकामी निघाली. परंतु दस्त्यातील पोकळीत एक काडतूस होते. त्याची घडण १८८७ ते १९११ या काळातली. म्हणजे १८८७ पूर्वी ती तेथे बेवारस पडलेली नव्हती, असे मानण्यास आधार मिळाला. बहिर्गत पुरावा जेथे थांबला, तेथून अंतर्गत पुरावा बोलू लागला.

हे काडतूस मिळाले ते त्याच जीर्ण दस्त्यात. प्रथम तोच बदलून टाकला असता, तर? संवर्धकांनी सुटू पाहणारे लाकूड स्थिर केले, पुढची झीज रोखली आणि रूप सापडले तसेच ठेवले. नवी झिलई दिली नाही.

पाठचिकित्सा शिकवणाऱ्यांना हा पेच परका नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये (इ.स. १५८४) ज्ञानेश्वरीतील अपपाठ दूर केले. ते ऋण थोर आहे, आणि आपण काय बदलले याची यादी ठेवावी अशी त्या काळाची अपेक्षाही नव्हती. आपल्या काळाची मात्र ती आहे.

आमच्या विभागाच्या कपाटात अभंगांचे एक बाड आहे. त्याची पुसट अक्षरे नव्या शाईने गिरवावीत, म्हणजे विद्यार्थ्यांना वाचता येतील, असे आमच्यापैकी काहींचे म्हणणे होते. म्हणणे अनाठायी नव्हते. न वाचता येणारे बाड जपून कोणाचे भले होणार? पण गिरवणाऱ्याच्या हातून ‘य’चा ‘प’ झाला, तर पुढच्या वाचकाला मूळ अक्षर पाहण्याची वाट उरत नाही. बराच वाद झाल्यावर आम्ही ठरवले ते असे : कागद टिकवायचा, छायाचित्रे घ्यायची, निराळी वाचन-प्रत करायची. तिच्यात आमचे तर्क कंसात येतील, आणि जेथे तर्कही चालत नाही तेथे टिंबे.