आगंतुकाचा पत्ता

घरात कोण काय करते, हे ते माणूस आजारी पडल्याशिवाय कळत नाही. आई चार दिवस अंथरुणाला खिळली, की मग उमगते की दही रोज आपोआप लागत नव्हते.

शास्त्रज्ञांनीही हीच युक्ती योजली आहे. आणि तीही कोणावर म्हणाल, तर पिकल्या केळ्यांवर घोंघावणाऱ्या तिळाएवढ्या फळमाशीवर! १९१० साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात थॉमस हंट मॉर्गन यांना लाल डोळ्यांच्या माश्यांत एक पांढऱ्या डोळ्यांचा नर आढळला. ज्या जनुकाच्या बिघाडाने हे घडले, त्याचे नाव पडले 'व्हाइट'. बिचारे जनुक डोळ्यांना लाली आणते, आणि नाव मात्र पांढरे!

पण हजारो जनुकांत बिघडलेले नेमके कोणते, हे हुडकायचे कसे? तिथे एक आगंतुक कामी आला. गुणसूत्रांचे काही तुकडे बिऱ्हाड बदलत हिंडतात, हे बार्बरा मॅक्लिंटॉकबाईंनी १९४०च्या दशकात मक्याच्या दाण्यांवरून ओळखले होते. जगाने त्यांना नोबेल दिले ते १९८३ साली! फळमाशीतल्या अशाच एका भटक्याचे नाव पी-एलेमेंट. १९८२ साली जेराल्ड रुबिन आणि ॲलन स्प्रॅडलिंग यांनी त्याच्या पाठीवर डोळ्यांच्या रंगाचे एक जनुक लादून त्याला माशीत धाडले. पुढच्या पिढीचे डोळे रंगले, की समजावे, पाहुणा घरात शिरला.

हा पाहुणा एखाद्या जनुकात ठाण मांडून बसला, की त्या जनुकाचे काम बहुधा अडते. कोणाला पंख धड फुटत नाहीत, कोणाला चालता येत नाही. पण पाहुण्याची स्वतःची अक्षरे आपल्याला पाठ असतात. ती शोधायची, शेजारची अक्षरे वाचायची, आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या माशीच्या जनुकसंचाशी ताडून पाहायची. पत्ता सापडला! खात्रीसाठी पाहुण्याला उठवून लावायचे. तो मागे काही न ठेवता निघून गेला आणि पुढची प्रजा धडधाकट निपजली, तर आळ सिद्ध झाला.

तुम्ही म्हणाल, माशीच्या घरातली ही भानगड आपल्याला कशाला? तर माणसाच्या रोगांशी निगडित असलेल्या जनुकांपैकी निम्म्याहून अधिक जनुकांची भावंडे या माशीत आहेत.

आमच्या नात्यात एक मुलगा होता. चांगला दुडुदुडु धावणारा. पाचव्या वर्षापासून पडू लागला, पुढे उठेनासा झाला. डॉक्टरांना रोगाचे नाव सांगता येईना. नातेवाइकांना मात्र कारण ठाऊक होते: पोटुशी असताना त्याच्या आईने ग्रहणात भाजी चिरली! मुलगा विसाव्या वर्षी गेला. मावशी पुढे चाळीस वर्षे जगल्या, पण ग्रहण आले की पदराने डोळे पुसत कोपऱ्यात बसत.

जनुकाचा पत्ता मिळाला म्हणून रोग लगेच बरा होतो असे नाही. पण एखाद्या आईच्या विळीवरचा आळ तर उतरतो!