बीडाच्या भावात

भंगारवाल्याचा काटा खोटा नव्हता. भावही बाजारात चालू होता तोच होता. तरी त्या सकाळचा राग अजून उतरत नाही. शहापूर तालुक्यात डोळखांबच्या अंगाला एका पाड्यावरच्या बंद गिरणीतलं इंजिन मला द्यायचं ठरलं होतं, विसार दिलेला होता, दिवससुद्धा ठरलेला होता. त्याच दिवशी मी पोहोचलो तेव्हा त्याचं एक चाक फुटून चार तुकडे झाले होते आणि दुसऱ्यावर घण पडत होता.

मी कसाऱ्याचा. वडील रेल्वेत. कसारा-इगतपुरी घाटाचा चढ सदतीसाला एक, त्यामुळे गाडीला मागून इंजिन लावावं लागतं हे आमच्याकडे पोरांना बाराखडीआधी कळतं. मी आयटीआय केलं, फिटर झालो, भिवंडी आणि आसनगावच्या कारखान्यांत आयुष्य काढलं, निवृत्त झालो. आता घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जुनी ऑईल इंजिनं, भाताचे हलर, पाणी उपसायचे पंप आणि एक पायडलचं झोडणी यंत्र आहे. आमची सौ. या सगळ्याला 'तुमचं ते' म्हणते. हा नाद कसा लागला ते सांगत बसत नाही, सांगण्यासारखं काही नाही.

शेतीची यंत्रं जपणारे लोक जगात पुष्कळ आहेत आणि ते माझ्यापेक्षा मोठ्या पातळीवरचे वेडे आहेत. त्यांच्यात मोठा मान असतो तो स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्या जुन्या हार्वेस्टरला. ऑस्ट्रेलियात हेडली टेलर नावाच्या शेतकऱ्यानं बनवलेला सनशाइन ऑटो हेडर 1924 मध्ये बाजारात आला. पुढे मॅसी-हॅरिस कंपनीचा 21 नंबरचा हार्वेस्टर गाजला. दुसऱ्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा 1944 साली असे 500 हार्वेस्टर अमेरिकेच्या दक्षिणेकडून पिकत्या गव्हाच्या मागोमाग वर कॅनडाच्या हद्दीपर्यंत कापणी करत गेले. तिकडचे म्हातारे आज ते लाल रंगानं चकचकीत करून प्रदर्शनात चालवतात. आपल्याकडे पहिला देशी बनावटीचा हार्वेस्टर, मोहालीचा स्वराज 8100, आला तो 1980 साली. शहापूर-मुरबाडच्या खाचरांत तसलं धूड वळणार कुठे? एका बांधावर त्याचं एक चाक आणि दुसऱ्या बांधावर दुसरं. अलीकडे मुरबाडच्या सपाट भागात पट्ट्यावर चालणारे लहान हार्वेस्टर दिसू लागलेत, पण डोंगराकडेला अजून विळा आणि झोडणीच. आमच्याकडे यंत्रयुग आलं ते गिरणीच्या रूपानं. म्हणून आमचा सनशाइन म्हणा, मॅसी म्हणा, तो म्हणजे गिरणीतलं इंजिन.

डोळखांबकडचं ते इंजिन लिस्टर होतं. आडगावी गिरणीत लिस्टर म्हणजे बहुतेक वेळा राजकोटचं. इंग्लंडात डर्स्ली नावाच्या गावी 1930 च्या सुमारास निघालेल्या त्या इंजिनाची नक्कल राजकोटच्या कारखान्यांनी इतकी केली, की मूळ कंपनीनं ते बनवणं सोडलं तरी राजकोटनं सोडलं नाही. अमेरिकेत वीज न घेता जंगलात राहणारे हौशी लोक ही राजकोटी इंजिनं मागवत होते, प्रदूषणाचे नियम आडवे आले तेव्हा थांबले. सहा अश्वशक्ती, मिनिटाला 650 फेरे, दोन बाजूंना दोन बीडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, भलीमोठी चाकं. फेरे कमी म्हणून झीज कमी. राजकोटचं असतं तर मी इतका धडपडलो नसतो. पण या इंजिनावर पितळेची पट्टी होती आणि तिच्यावर डर्स्ली हे नाव होतं. एवढ्या आडबाजूच्या पाड्यावर अस्सल विलायती इंजिन कुणी, कधी, कुठल्या वाटेनं चढवलं असेल? गिरणीच्या मालकीण आजीला विचारलं तर म्हणाली, "सासऱ्यांनी आणलं. पावशेर कळतं मला त्यातलं, बाकी नाय."

ठरलं आजीशीच होतं. गिरणी बंद पडून वर्षं झाली होती. आधी वीज आली आणि मोटर बसली, मग लोडशेडिंगच्या काळात पुन्हा इंजिनाला हँडल मारलं गेलं, मग पोरगा कल्याणला गेला आणि सगळंच थांबलं. आजी म्हणाली, "खळी आटपू दे, दिवाळी होऊ दे, मग ने." भंगाराला जे मिळालं असतं त्याच्या वर मी द्यायला तयार होतो. विसार तिच्या हातावर ठेवला, तिनं तो देवळीत ठेवला. इंजिन अख्खं खाली कसं न्यायचं तेही ठरवलं होतं. वाट अरुंद, गाडी अर्ध्यापर्यंतच येते. सागाचा वासा, जाड दोर आणि आठ पोरं. त्यांतल्या चौघांना आगाऊ सांगून ठेवलं होतं.

वासा घेऊन वर चढत असतानाच घणाचा आवाज ऐकू आला. अख्ख्या बीडावर घण पडला की खणखणतं, आणि जेव्हा खणखणत नाही, बद्द आवाज येतो, तेव्हाच समजावं की तडा गेला. मी फिटर आहे, मला वळणावरच कळलं.

"थांबा, थांबा!" मी ओरडलो. घणवाला पोरगा थांबला आणि भंगारवाल्या शेठकडे बघू लागला. शेठ काट्याजवळ बसला होता. आजीचा मुलगा पुढे आला.

"काका, तुम्हीच का ते? आई बोलली होती."

"बोलली होती म्हणजे? विसार दिलाय मी."

"हो ना, तो आहे ना." असं म्हणून त्यानं खिशातून माझ्याच नोटा काढल्या, घडी तशीच होती, आणि माझ्या हातावर ठेवल्या. "बाथरूमचा स्लॅब टाकायचाय. शेठ आज आले होते, म्हटलं एकाच फेरीत होऊन जाईल. तुम्ही याल की नाय याल."

आज येणार होतो. आज आलो होतो. वासा खांद्यावर होता माझ्या.

एवढं होऊन त्यानं मला चहा पाजला. नाही कसं म्हणायचं? आजी उंबऱ्यात बसून राहिली, माझ्याकडे बघेना.

मला खरा संताप आला तो फोडण्याचं कारण कळल्यावर. शेठला विचारलं, अख्खं नेता आलं नसतं का? तो शांतपणे म्हणाला, "काका, भट्टीला तुकडेच लागतात. आणि या वाटेनं अख्खं कोण वाहणार?" आठ माणसं वाहणार होती! त्यांतली चार माझ्या मागे उभी होती! तो माणूस वाईट नव्हता, त्याच्या धंद्याचा हिशोब बरोबर होता. लोखंडाचा भाव वेगळा, बीडाचा वेगळा, पितळेचा त्याहून वेगळा. म्हणून पितळेची पट्टी त्यानं छिन्नीनं आधीच उचकटून काढली होती आणि ती एका फडक्यात, नळाच्या तोट्या आणि फुटक्या समईबरोबर होती. इंजिनाचं नाव, नंबर, जन्मगाव, सगळं किलोवर.

अशा वेळी माणूस भांडतो किंवा निघून जातो. मी उरलेलं इंजिन विकत घेतलं. त्याच काट्यावर, बीडाच्या भावात. दुसऱ्या चाकाला घण लागला होता पण ते फुटलं नव्हतं. पट्टी पितळेच्या भावानं घेतली. वासा आणला होता, तो वाया गेला नाही.

हे सगळं ऐकल्यावर लोक म्हणतात, एवढं काय त्यात. गडाची तटबंदी पाडली का कुणी? खरं आहे. पण 'एवढं काय त्यात' या वृत्तीचीच चीड येते. पुण्याला केळकर संग्रहालयात अडकित्ते आहेत, दिवे आहेत, ते बघायला आपण पोरांना घेऊन जातो. आमच्या घाटात गाड्या ढकलणारं 'खेकडा' नावाचं विजेचं इंजिन दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे, कारण रेल्वेला आपली वस्तू आपली वाटली. शेतकऱ्याच्या यंत्राला असा मालक नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा नांगर पाठ्यपुस्तकात भेटतो, पण नांगर बघायला कुठे जायचं ते मुलांनी विचारलं तर मास्तर गप्प. साताऱ्याला नांगर आणि इंजिनं बनवणारे धनजीशा कूपर 1937 साली मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान झाले होते. अल्पकाळ, पण झाले होते. हे किती जणांना माहीत आहे? किर्लोस्करांची खडकीची ऑईल इंजिनांची कंपनी 1946 ची, म्हणजे स्वातंत्र्याहून थोडी मोठी. तिची पहिली इंजिनं कुणाच्या तरी विहिरीवर पालापाचोळ्याखाली आजही असतील, पण शेठचा टेम्पो तिथे पोहोचेपर्यंतच.

आता याच्या उलटंही सांगतो. इंजिनाबरोबर गिरणीत भात भरडायचा हलर असायचा, एंगलबर्ग पद्धतीचा. आई उखळात भात कांडायची तेव्हा तिच्या तळहाताला घट्टे होते. हलर आल्यावर ते गेले, म्हणून त्या यंत्राबद्दल माझ्या मनात ओलावा आहे. पण यंत्र म्हणून हलर वाईटच. तो तांदूळ तोडतो, कणी फार पडते, तूस आणि कोंडा एकत्र दळून टाकतो, म्हणजे कोंड्यातलं तेलही जातं. सरकारनं 1958 साली भात गिरण्यांसाठी कायदा केला, आणि पुढे तर धोरणच असं झालं की हलरऐवजी रबरी रोलर असलेली यंत्रं बसवावीत. ते धोरण बरोबर होतं. आमच्या घरचं भातही मी रबरी रोलरच्या गिरणीतच नेतो. शेडमध्ये मात्र दोन हलर आहेत आणि ते मी कुणाला देणार नाही.

त्या लिस्टरचं पुढे काय झालं ते सांगायला हवं. पिस्टन जाम होता. रॉकेल आणि जळकं ऑईल अर्धं अर्धं करून वरून ओतलं आणि विसरून गेलो, कारण घाई केली की लायनरला चरे पडतात. घणानं मारायचा मोह होतो, मारू नये. पिस्टन सुटला, रिंगा नव्या घातल्या. पंपाचा प्लंजर आणि नॉझल साफ केलं. फिटर लोक म्हणतात, नॉझल बोललं पाहिजे. हातानं चाक फिरवताना डिझेलचा फवारा बसला की आतून कर्र असा आवाज येतो. तो येत नाही तोवर हँडलला हात लावायचा नाही, खांदा निखळतो उगाच.

राहिलं चाक. एका चाकावर ते इंजिन चाललं असतं, पण कसंबसं. आणि इथेच माझी पंचाईत होते, कारण चाक मिळवून दिलं ते त्याच शेठनं. त्याच्या ओळखीच्या दुसऱ्या भंगारवाल्याकडे राजकोटी इंजिनाचं चाक पडलं होतं. नक्कल इतकी इमानदार की शाफ्टवर चाक बसलं, चावी थोडी घासावी लागली एवढंच. आता विलायती इंजिनाला एक चाक डर्स्लीचं आणि एक राजकोटचं. तिकडचे शौकीन बघतील तर नाक मुरडतील. दोन्ही चाकांचा तोल जुळेना, सुरू केलं की इंजिन ओंडक्यांवरून चालत सुटायचं. एका चाकाला आतून वजन बांधून बांधून शेवटी ते जागेवर उभं राहिलं. ज्या दिवशी नीट सुरू झालं, त्या दिवशी शेजारच्या आळीतला एक म्हातारा पिशवी घेऊन आला आणि म्हणाला, "गिरणी चालू झाली का?" धुराच्या नळीचा तो टुक टुक आवाज त्याच्या कानात बसलेला होता.

शेठ आता फोन करतो. इंजिनाला घण लावायच्या आधी विचारतो, "काका, पाहिजे का?" माझ्याकडे नंतर आलेल्या वस्तूंपैकी बऱ्याच त्यानंच दिल्या आहेत. गावोगाव फिरणारा तोच, गंजलेल्या पत्र्याखाली काय आहे ते ओळखणाराही तोच. त्याला शिव्या द्याव्यात तर संग्रह कुणाच्या जिवावर? मग दोष कुणाचा? मला अजूनही त्या मुलाच्या खिशातल्या घडी न मोडलेल्या नोटाच आठवतात. दोष त्याचाच वाटतो. त्याला बाथरूम हवं होतं हेही समजतं, आणि तरी वाटतो.

तुमच्या विहिरीवर, गोठ्यात, बंद गिरणीत असं काही पडलं असेल तर एवढं करा. टाकीतलं आणि सिलिंडरभोवतीचं पाणी काढून टाका. पिस्टनवर थोडं ऑईल सोडा, धुराच्या नळीवर पत्र्याचा डबा उपडा घाला म्हणजे पाऊस आत जाणार नाही. कंपनीच्या पट्टीवर रंग मारू नका. विकायचं असेल तर जरूर विका, पैशाची गरज सगळ्यांना असते. पण चाकं फोडू देऊ नका, अख्खं विका, आणि कुणाचा विसार घेतला असेल तर ठरल्या दिवसापर्यंत थांबा.