मोटारींचें मासिक

गेल्या महिन्यांत एका इंग्रजी मासिकाची वर्गणी आम्हीं भरली नाहीं. एवढ्याशा गोष्टीवर निबंध लिहावा असें तींत काय आहे, असा प्रश्न वाचक विचारतील, आणि तो विचारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. मासिक वाङ्मयाचें नव्हे, तत्त्वज्ञानाचेंहि नव्हे. तें मोटारगाड्यांचें आहे. तें विलायतेंत निघतें, अद्याप निघत आहे, आणि आमच्यावांचून त्याचें कांहीं एक अडणार नाहीं. त्याचें नांव येथें सांगत नाहीं; ज्याचें मीठ जवळजवळ चाळीस वर्षें खाल्लें त्याची चारचौघांत नालस्ती करणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. परंतु वर्गणीच्या स्मरणाचें पत्र पंधरा दिवस आमच्या टेबलावर पडून होतें, आणि त्याच्याकडे दृष्टि गेली म्हणजे एखाद्या वृद्ध नातेवाइकाच्या पत्राला उत्तर न दिल्यासारखें आम्हांस अपराधी वाटे.

‘आम्ही’ हा शब्द येथें केवळ लेखकी थाटाचा नाहीं. तें मासिक आमचें एकट्याचें कधींच नव्हतें. तें तिघांचें होतें: एक आमचे इंजिनियर स्नेही, दुसरे एक डॉक्टर, आणि तिसरे आम्ही. १९८६ सालीं आम्ही तिघेहि पुण्यास कॉलेजांत शिकत होतों. तिघांच्या घरचीं वाहनें एकत्र मोजलीं तर तीन सायकली व एक स्कूटर एवढी संपत्ति भरत असे. रस्त्यावर मोटारी म्हणून ज्या दिसत त्यांत अँबॅसडर होती, प्रीमिअर पद्मिनी होती, आणि डिसेंबर १९८३ मध्यें निघालेली मारुती होती. पहिल्या दोघींचें माहेर अनुक्रमें विलायतेंतील मॉरिस व इटलींतील फियाट. माहेरीं त्यांच्या पिढीच्या गाड्या केव्हांच मोडींत निघाल्या होत्या, पण सासरीं त्या अजून नव्या नवऱ्या म्हणून मिरवत होत्या. अशा दिवसांत एका रद्दीवाल्याच्या ढिगाऱ्यांत आम्हांस तो अंक सांपडला. अंक वर्षाचा शिळा होता. मुखपृष्ठाचा एक कोपरा कोणीं तरी चहाच्या कपाखालीं घेतलेला होता. तिघांनीं पैसे काढून तो विकत घेतला व त्या रात्रीं वसतिगृहाच्या गच्चीवर शेवटच्या पानापर्यंत वाचला.

पुढें वाटणी आपोआप ठरून गेली. इंजिनियर प्रथम मागचीं पानें उघडीत. तेथें आंकड्यांचे तक्ते असत. शून्यापासून ताशीं साठ मैलांचा वेग घेण्यास किती सेकंद लागतात, एका गॅलनांत किती मैल जाते, ब्रेक दाबल्यावर किती फुटांवर थांबते. डॉक्टर चित्रें पाहात. आम्हांस आंकड्यांत गति नव्हती, म्हणून मजकूर वाचण्याचें काम आमच्याकडे आलें. आणि अंक एक व डोकीं तीन असल्यामुळें तो मोठ्यानेंच वाचावा लागे. तो मजकूरहि तसाच असे. परीक्षणकर्ता मोटार घेऊन वेल्सच्या डोंगरांत जाई. तेथें पाऊस गांठी. एका वळणावर पुढच्या चाकांची रस्त्यावरची पकड सुटूं लागली, तें आपल्या मनगटांना कसें कळलें हें तो सांगे. वाटेंत जेवण काय मिळालें तेंहि सांगे. घड्याळ अशा जागीं बसविलें आहे कीं तें मागच्या बैठकीवरील कुत्र्यासच दिसावें, अशी तक्रार करी. आणि चार पानांच्या अखेरीस, ही मोटार घेऊं नका, पण जमल्यास एकदां उसनी मागून चालवा, असा निकाल देई. ज्या मोटारी जन्मांत दृष्टीस पडण्याचा संभव नव्हता, त्यांचा क्लच जड कीं हलका याविषयीं आम्ही तावातावानें भांडत असूं. इंग्रजी गद्याची गोडी आपणांस कोठें लागली, असें विद्यार्थी विचारतात तेव्हां आम्ही लँब व हॅझलिट यांचीं नांवें सांगतों. तें खोटें नाहीं. पण पुरतें खरेंहि नाहीं.

मोटार नसतां मोटारींचें मासिक वाचणें हें वेड आमचेंच, असें मात्र कोणीं समजूं नये. ‘दि ऑटोकार’ हें साप्ताहिक कॉव्हेंट्री येथें २ नोव्हेंबर १८९५ रोजीं निघालें, तेव्हां इंग्लंडांत मोटारगाड्या अगदींच थोड्या होत्या. आणि सडकेवर अशी गाडी नेल्यास ताशीं चार मैलांहून अधिक वेग चालत नसे, शिवाय पुढें एक माणूस पायीं चालावा लागे. हा कायदा १८९६ सालीं बदलला. म्हणजे मोटारीला पळण्याची मोकळीक मिळण्यापूर्वींच तिचें पत्र पळूं लागलें होतें. (आपलें ‘मनोरंजन’ही १८९५ सालचेंच; तें १९३५ सालीं थांबलें, हें तिकडील पत्र मात्र अजून चालूं आहे.) दुसऱ्या महायुद्धांत, १९४२ सालीं, इंग्लंडांत खासगी हौसेसाठीं मिळणारें पेट्रोल पार बंद झालें. ‘मोटर स्पोर्ट’ या मासिकाचे संपादक विल्यम बॉडी यांनीं त्या काळांत वाचकांकडूनच लेख मागविले. आपण आजवर बाळगलेल्या मोटारी कोणत्या, त्या कोठें बंद पडल्या, कोणाला विकल्या व विकल्याचा पश्चात्ताप किती वर्षें झाला, हें लोकांनीं लिहून पाठविलें. गाड्या चाकें काढून झांकून ठेविलेल्या, आणि मालक घरांत बसून त्यांच्या आठवणी लिहीत आहेत! बॉडी १९३६ पासून १९९१ पर्यंत त्या मासिकाचे संपादक होते. पंचावन्न वर्षें एकाच मासिकाची खुर्ची सांभाळणारा संपादक आपल्याकडे कोण, हें आम्हांस चटकन आठवत नाहीं.

नोकरी लागल्यावर आम्ही रीतसर वर्गणीदार झालों. वर्गणी तिघांत, अंक प्रत्येकाकडे दहा दिवस. १९९१ नंतर देशांत परदेशी मोटारी येऊं लागल्या, आमच्या दारींहि एक लहानशी आली. तरी मासिकाचा नेम सुटला नाहीं. डॉक्टर २०२१ सालच्या साथींत गेले. त्यांचा तिसरा हिस्सा उरलेल्या दोघांनीं वांटून घेतला. त्याविषयीं बोलणें झालें नाहीं. त्यानंतर इंजिनियरांच्या डोळ्यांत काचबिंदु बराच पुढें गेलेला निघाला. एके दिवशीं त्यांनीं आपण होऊन मोटारीची किल्ली वहिनींच्या हातीं दिली, आणि वर्षभरानें छापील अक्षरहि त्यांस दिसेनासें झालें. तेव्हांपासून अंक आला कीं रविवारीं सकाळीं नऊ वाजतां आम्ही त्यांच्या घरीं जातों व तो वाचून दाखवितों. गच्चीवरची पहिली रीत पुन्हा सुरू झाली म्हणावयाची. मात्र आतां मागचीं पानेंहि आम्हांसच वाचावीं लागतात, व दशांश चिन्ह चुकलें कीं स्नेही ताबडतोब हटकतात.

मोठ्यानें वाचणें ही मजकुराची निष्ठुर परीक्षा असते. डोळ्यांना जें खपतें तें जिभेला खपत नाहीं. अंक उघडावा तों दोन पानें भरून एक चित्र, त्याखालीं तीन ओळी. पुढें चौकट, चौकटींत पांच तारे, त्यांपैकीं चार भरलेले. पुढें ‘या वर्षींच्या दहा उत्तम मोटारी’. वाचावें तरी काय? आम्ही चित्राचें वर्णन करूं लागलों.

“निळी मोटार आहे. मागें डोंगर.”

“निळी म्हणजे कसली निळी?” स्नेह्यांनीं विचारलें.

आम्ही शेलेवर तास दोन तास बोलूं शकतों, पण तो निळा रंग आम्हांस सांगतां आला नाहीं. एकदां मात्र एका परीक्षणकर्त्यानें, गाडींतील गारवा कमी करण्यासाठीं समोरच्या पडद्यावर किती ठिकाणीं बोट टेकावें लागतें व तोंवर गाडी कोणाच्या कुंपणाकडे निघाली होती, हें खुसखुशीतपणें लिहिलें होतें. तेवढा परिच्छेद आम्हीं दोनदां वाचला. ज्या अंकाला पूर्वीं तीन रविवार पुरत नसत, तो आतां वीस मिनिटांत संपूं लागला. उरलेला वेळ चहांत व रक्तांतील साखरेच्या चर्चेंत जाई.

मासिकाला सगळा दोष देणें सोपें आहे, आणि कांहीं काळ आम्हीं तो दिलाहि. जाहिरातींच्या आश्रयानें चालणाऱ्या पत्रानें त्याच कारखानदारांच्या मालावर निकाल द्यावयाचा, ही अडचण या धंद्यांत पहिल्यापासूनच आहे. आतां जाहिरातीहि दुसरीकडे गेल्या. नवी मोटार बाहेर पडली कीं त्याच संध्याकाळीं तिचे सारे आंकडे व हलतीं चित्रें घरबसल्या पाहावयास मिळतात; मासिकाला तीच बातमी तीन आठवड्यांनीं सांगावी लागते. अमेरिकेंत डेव्हिड ई. डेव्हिस यांनीं १९८६ सालीं, म्हणजे आम्हीं तो पहिला अंक घेतला त्याच सालीं, कंटाळवाण्या मोटारींस थारा न देण्याची प्रतिज्ञा करून ‘ऑटोमोबिल’ हें मासिक काढलें. त्याची छापील आवृत्ति बंद होत असल्याचें २०१९ च्या अखेरीस जाहीर झालें. आमचें मासिक जिवंत आहे, यासाठीं त्याच्या चालकांस किती काटकसर करावी लागत असेल!

परंतु आम्हांस आणखी एक कारण दिसतें. मोटारी सुधारल्या. पूर्वीं प्रत्येकीला खोड असे: एकीचा गीअर थंडींत रुसे, दुसरीचा ब्रेक डावीकडे ओढी, तिसरी चढावर तापे. परीक्षणकर्त्याला लिहावयास विषय होता. आतां सगळ्याच मोटारी सुरू होतात, सगळ्याच थांबतात. विजेवरच्या तर आवाजहि करीत नाहींत. सद्गुणी माणसाचें चरित्र लिहिणें कठीण असतें, तसेंच हें.

आणि आम्ही? अठराव्या वर्षीं मोटार नव्हती म्हणून मोटारीचें वर्णन पाहिजे होतें. आज आहे, कर्वे रस्त्यावर ती पायीं चालणाऱ्याच्या गतीनें सरकते, आणि तिच्याविषयीं कोणीं चार पानें लिहिलीं तर आम्ही तीं वाचूं असें वाटत नाहीं. हा दोष संपादकाच्या माथीं कसा मारावा?

वर्गणीचें पत्र टेबलावर पडून होतें तें या विचारामुळें नव्हे. मासिक बंद केलें तर रविवारचें काय, हा खरा प्रश्न होता. अंध होत चाललेल्या मित्राकडे नुसतें ‘बसावयास’ जाणें म्हणजे समाचारास जाणें. हातांत अंक असला कीं तें जाणें कामाचें होतें. स्नेह्यांस त्या वाचनांत रस आहे, त्यांचा एवढा विरंगुळा आपण कसा तोडावा, असें आम्हांस वाटे. शेवटीं वहिनींनींच कोंडी फोडली. आम्ही चपला घालीत असतां त्या दाराशीं येऊन हळूच म्हणाल्या, “भाऊजी, रागावूं नका; पण ह्यांना त्या मासिकाचा कंटाळा आला आहे. दोन वर्षें झालीं. तुम्हांला वाचण्याची हौस आहे म्हणून बोलत नाहींत.”

आम्ही चपला काढून पुन्हा आंत गेलों.

“अरे, कंटाळा आला होता तर बोलला कां नाहींस?”

स्नेही खिडकीकडे तोंड करून बसले होते. “तुला आला होता?”

“केव्हांचाच.”

“मग तूं कां नाहीं बोललास?” आणि थोडें थांबून, “अंक बंद झाल्यावर तूं आला असतास?”

आम्हीं ‘अर्थात्’ असें म्हटलें. पण तें म्हणावयास जो क्षणभर उशीर झाला तो त्यांच्या कानांतून सुटला नसावा. दिसेनासें झाल्यापासून त्यांचे कान फार तिखट झाले आहेत.

पुढच्या रविवारीं आम्ही ‘मोटर स्पोर्ट’चा जून १९५५ चा अंक घेऊन गेलों. विलायतेस गेलेल्या एका विद्यार्थ्यानें तो जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून आम्हांस आणून दिला होता. त्यांत डेनिस जेंकिन्सन यांचा मिले मिलियाच्या शर्यतीवरचा लेख आहे. १ मे १९५५ रोजीं सकाळीं ७ वाजून २२ मिनिटांनीं स्टर्लिंग मॉस यांची मर्सिडीज ब्रेशाहून निघाली. गाडीवरचा क्रमांकहि ७२२ च. बाजूला जेंकिन्सन. साऱ्या रस्त्याचीं वळणें, पूल व खड्डे त्यांनीं आधीं फिरून टिपले होते, आणि सुमारें सतरा-अठरा फूट लांबीच्या कागदाच्या गुंडाळींत उतरवून ती एका डबींत बसविली होती. गुंडाळी फिरवीत जावयाचें, पुढें काय आहे तें वाचावयाचें, आणि एंजिनाच्या गर्जनेंत शब्द ऐकूं येत नसल्यामुळें हाताच्या खुणांनीं मॉस यांस सांगावयाचें. टेकाडापलीकडचा रस्ता दिसत नसतांहि मॉस त्या खुणेच्या भरंवशावर गाडी पूर्ण वेगानें घालीत. सुमारें एक हजार मैल त्यांनीं १० तास ७ मिनिटें ४८ सेकंदांत तोडले. वाटेंत जेंकिन्सन यांस ओकारी झाली, व बाहेर वांकतांच वाऱ्यानें त्यांचा चष्मा उडून गेला.

“त्याच्या खिशांत दुसरा होता,” स्नेही म्हणाले. त्यांस तो प्रसंग पाठ होता. “आपणहि ठेवावयास पाहिजे होता.” आणि मोठ्यानें हंसले. वहिनी चहा घेऊन येत होत्या, त्या दारांतच थांबल्या.

लेख लांब, अक्षर बारीक, आणि आमचाहि चष्मा आतां जुना झाला आहे. शिवाय स्नेही मधून मधून थांबवितात. या उतारावर तो कोणत्या गीअरमध्यें असेल, याचा हिशेब त्यांस करावयाचा असतो. रावेन्ना झालें, पेस्कारा झालें. साडेअकरा वाजेपर्यंत आम्ही कसेबसे रोमला पोंचलों. तेथें अर्धी शर्यत होते. वहिनींनीं पानें वाढल्याचें सांगितलें. खुणेसाठीं कांहीं हातास लागेना, तेव्हां खिशांतलें वर्गणीचें पत्रच त्या पानांत घातलें. फ्लॉरेन्सचा रस्ता व पुढचा घाट आतां येत्या रविवारीं.