डागाची बाजू

बोहारणीची हांक मीं किती वर्षांत ऐकली नाहीं, हें परवां एकाएकीं माझ्या लक्षांत आलें. आणि तें ज्या प्रसंगानें आलें तो सांगितल्यावांचून मला राहवत नाहीं. माझ्या लहानपणीं, नाशिकला, आमच्या वाड्याच्या ओटीवर ती दुपारच्या वेळीं येऊन बसे. टोपलींत एकांत एक बसवलेलीं भांडीं, पाठीवर जुन्या कपड्यांचें गांठोडें, आणि डोळ्यांत असा भाव कीं, तुमचें सारें वैभव तिनें उंबऱ्याबाहेरूनच तोलून ठेवलें आहे. आई आंतून दोन लुगडीं, वडिलांचे जुने सदरे आणि माझा आखूड झालेला परकर घेऊन येई. मग तासभर जें युद्ध चाले, त्याची सुरुवात वाटीवर होऊन शेवटीं पातेल्यावर तह होई. त्या वेळीं आईच्या एका संवयीचा मला फार राग येई. लुगडें उलगडतांना तें जेथें विरलें असेल, नेमकी तीच बाजू ती प्रथम बोहारणीपुढें धरी. "हें बघ, येथें गेलें आहे," असें आपण होऊन सांगे. शत्रूला आपणच किल्ल्याची चोरवाट दाखवावी, तसला हा भोळेपणा मला वाटे. मोठेपणीं आपण असें कांहीं करावयाचें नाहीं, हें मीं त्या ओटीवरच ठरवून टाकलें होतें.

तो निश्चय पाळण्याची संधि मला गेल्या वर्षीं मिळाली.

आई आतां अंथरुणाला खिळून आहे. मुदतीच्या दोन वर्षें आधींच नोकरी सोडून मी ठाण्याच्या घरीं तिच्यापाशीं असतें. दिवसा मी पुरी पडतें. रात्रीं मात्र एक बाई ठेवावी लागते, आणि महिना सरला कीं तिचा पगार दारांत उभा राहतो. शिलकीला हात लावावयाचा नाहीं, तर विकावें काय? मीं कपाट उघडलें. भरभराटीच्या दिवसांत घेतलेल्या उंची वस्तू तेथें पांढऱ्या पिशव्यांत झोंपल्या होत्या: एक लोंकरीचा परदेशी कोट, एका नामांकित डिझायनरच्या हातचे दोन रेशमी पोषाख, आणि २०११ सालीं कचेरीच्या कामानिमित्त पॅरिसला गेलें असतां घेतलेली लुई व्हिटॉनची हातपिशवी. ती घेतली तेव्हां मी पंचेचाळीस वर्षांची होतें. दुकानांतून बाहेर पडतांना कोणीतरी आपल्याकडे पाहावें असें मला फार वाटत होतें. पॅरिसच्या रस्त्यावर अर्थातच कोणीं पाहिलें नाहीं.

"मावशी, अशा वस्तू हल्लीं मोबाइलवर विकतात," असें शेजारच्या मुलीनें सांगितलें आणि एका ऑनलाइन बाजारांत माझें खातें उघडून दिलें. विकणें म्हणजे वस्तु द्यावयाची आणि पैसे घ्यावयाचे, एवढीच माझी समजूत होती. येथें प्रथम छायाचित्रकार व्हावें लागतें. पांढऱ्या चादरीवर वस्तु मांडून पुढून, मागून, आंतून, शिवणीजवळून अशीं दहाबारा छायाचित्रें घ्यावयाचीं. मग लेखक व्हावयाचें: वर्णन असें असावें कीं, वस्तु जुनी आहे हें वाचणाऱ्याला कळावें, पण जाणवूं नये. शेवटीं हमाल होऊन तिचें गांठोडें बांधावयाचें. इतकें झाल्यावर वस्तु बाजारांत मांडली जाते. म्हणजे अगणित वस्तूंच्या ढिगांत तळाशीं जाऊन बसते. ती वर यावी असें वाटत असेल तर किंमत उतरवा, असा सल्ला तें यंत्र दर दोन दिवसांनीं न चुकतां देतें.

गिऱ्हाइकांचे मासले तर काय वर्णावे! पहिल्याचा प्रश्न एकच: "अजून आहे का?" आहे, असें उत्तर दिलें कीं तो अंतर्धान पावतो. दुसरा विचारतो, "शेवटची किंमत सांगा". पहिल्या किंमतीवर अजून एक शब्दहि बोलणें झालेलें नसतें. एका रेशमी पोषाखाची मीं अठरा हजार किंमत लावली होती. एका सद्‌गृहस्थांनीं नऊशें रुपये देऊं केले, आणि इतकें देण्याचें औदार्य आपण कां दाखवीत आहों याचीं कारणेंहि दिलीं. एका बाईनें कोट अंगावर घालून छायाचित्र पाठवावें अशी इच्छा दर्शविली. मे महिन्यांत, ठाण्याला, मीं तो लोंकरीचा कोट चढवला आणि आरशापुढें उभी राहिलें. घामाच्या धारांत काढलेलें तें चित्र पाहून तिनें कळवलें कीं, हा रंग तिला शोभणार नाहीं. अखेर कोट तिसऱ्याच कोणाला तरी गेला. मध्यस्थानें पांचवा हिस्सा कापून घेतला, आणि जें हातीं आलें त्यांत रात्रीच्या बाईचे सहा दिवस निघाले. तेव्हांपासून मला रुपयांत हिशेब सुचेनासा झाला. प्रत्येक वस्तूच्या किती रात्री होतील, हेंच मी मोजूं लागलें.

पिशवीची कथा निराळीच. ती मांडली, आणि दुसऱ्याच दिवशीं उतरवण्यांत आली. 'वस्तूच्या अस्सलपणाची खात्री पटत नाहीं, सबब खरेदीची पावती सादर करावी.' पावती मीं जपून ठेवली होती. लिफाफा उघडून पाहतें, तों कागद कोरा! तसल्या कागदावरचीं अक्षरें वर्षांगणिक फिकटत जातात. माझीं पार उडून गेलीं होतीं. पुरावा होता, पण त्याला वाचा नव्हती. बँकेंत तीन हेलपाटे घालून जुन्या खात्याचा उतारा मिळवला, तो पाठवला, आणि उत्तराची वाट पाहत बसलें. मीं स्वतः दुकानांत जाऊन, स्वतःच्या कमाईनें घेतलेली वस्तु. ती खरी आहे असें मी सांगत होतें, आणि ज्यांनीं मला कधीं पाहिलें नाहीं ते म्हणत होते, कशावरून?

त्या रात्रीं १९८४ सालची एक दुपार मला आठवली. वडील जाऊन वर्ष झालें नव्हतें आणि माझी कॉलेजची फी भरावयाची होती. आईनें आजीची पैठणी बाहेर काढली. रेशीम घडीघडीवर चिरलें होतें. कांठ आणि पदर मात्र तसेच होते. जुनी जर विकत घेणारा एक माणूस ओटीवर येऊन बसला. त्यानें पदरांतला एक धागा ओढून काढला आणि दिव्याच्या ज्योतीवर धरला. रेशीम जळून गेलें, चांदी राहिली. मग त्यानें कांठ-पदर तोलून पैसे मोजून दिले. पैठणी कोणाची, कोठें घेतली, पावती आहे का, यांतलें कांहींच त्यानें विचारलें नाहीं. विस्तवानें त्याला उत्तर दिलें होतें. आई त्या दिवशीं जेवली नाहीं. पण आपल्या शब्दावर कोणीं संशय घेतला, हें दुःख तरी त्यांत नव्हतें.

माझी पिशवी विस्तवावर धरली तर मागें काय उरेल? सुती कापड, त्यावरचा लेप, थोडें कातडें, चार पितळी कड्या. राखेंत नांव सांपडत नाहीं; आणि मी विकावयास काढलें होतें तें नांवच. लुई व्हिटॉनच्या पेढीनें आद्याक्षरांची ती प्रसिद्ध नक्षी १८९६ सालीं काढली, ती नकला करणाऱ्यांना आळा बसावा म्हणून. आज पदपथावरच्या कोणत्याहि पिशवीवाल्याकडे ती नक्षी पाहावयास मिळते! नांवाच्या व्यापारांत नांव जगावें म्हणून प्रसंगीं वस्तूचाच बळी देतात. बर्बरी या विलायती पेढीनें एका वर्षांत २ कोटि ८६ लक्ष पौंडांचा न खपलेला माल नष्ट केल्याचें २०१८ सालीं उघडकीस आलें. माल स्वस्तांत गेला तर नांव स्वस्त होईल, ही धास्ती. फार ओरड झाल्यावर त्याच वर्षीं तिनें ती चाल बंद केली, आणि फ्रान्सनें तर २०२० सालीं असा न खपलेला माल नष्ट करण्याविरुद्ध कायदाच केला. आजीचा पदर जाळला तर हातीं चांदी येते. येथें माल जाळला तर मागें नांव शाबूत राहतें. दोन विस्तवांत केवढें हें अंतर!

हा विचार मला फार आवडला. संशयी बाजाराच्या दारांत तिष्ठणारी एक प्रामाणिक स्त्री, असें माझें चित्र मीं मनाशीं रंगवलें आणि त्याकडे बरेच दिवस कौतुकानें पाहत राहिलें.

पावतीचें प्रकरण एकदांचें मिटलें आणि पिशवी पुन्हां बाजारांत मांडली गेली. आठवड्याच्या आंत नागपूरच्या एका मुलीनें ती घेतली. अडतीस हजारांस, घासाघीस न करतां. नोकरीचें पहिलें वर्ष पुरें झालें म्हणून स्वतःला काहीं घ्यावेंसें वाटलें, एवढेंच तिनें लिहिलें होतें. मध्यस्थाचा वांटा वजा जातां त्रेचाळीस रात्री होत होत्या. त्या दिवशीं मीं आईला तिच्या आवडीचा शिरा करून घातला.

पिशवी पोंचल्याच्या दुसऱ्या दिवशीं तक्रार आली. पैसे तेथल्या तेथें अडकले. 'खालच्या कडेच्या कातड्यावर मोठा डाग आहे. तो छायाचित्रांत दिसत नाहीं.' मी संतापानें उत्तर लिहावयास बसलें. एकूण अकरा छायाचित्रें दिलीं आहेत, तीं घेणाऱ्यानें नीट पाहावयास नकोत काय? पुरावा म्हणून तीं अकरा चित्रें मीं एकेक उघडलीं. पुढची बाजू, मागची बाजू, आंतलें अस्तर, बंद, कड्या, शिवण. खालची ती कड एकाहि चित्रांत नव्हती. एका चित्रांत ती यावयाची, तर नेमकी चादरीच्या घडींत दडली होती; आणि ती घडी आपोआप पडलेली नव्हती.

डाग मला पक्का ठाऊक होता. त्या पिशवीचें कातडें न रंगवलेलें असतें. हाताळतां हाताळतां तें मधासारखें काळवंडतें, आणि त्यावर पाणी पडलें तर त्याची खूण राहून जाते. तीन वर्षांपूर्वीं जुलैच्या एका रात्रीं, भर पावसांत, आईला रुग्णालयांत नेलें, तेव्हां ती पिशवी ओल्या फरशीवर सकाळपर्यंत पडून होती. सकाळीं आईनें डोळे उघडले. पिशवीवरचा डाग मला तेव्हांच दिसला आणि त्याचें कांहींच वाटलें नाहीं. वाटलें तें विकावयाची वेळ आली तेव्हां. असत्य असें मीं एक अक्षरहि लिहिलें नव्हतें. 'वापरलेली, सुस्थितींत' एवढेंच लिहिलें होतें. परंतु धर्मराजाच्या रथाचीं चाकें जमिनीला टेकलीं, तीं देखील अशाच एका बेताच्या खऱ्या वाक्यानें.

लिहिलेलें उत्तर मीं पुसून टाकलें. माझ्या शब्दावर विश्वास न ठेवणाऱ्या बाजारावर मी महिनाभर चरफडत होतें. त्या बाजाराला अविश्वास शिकवणारीं माणसें दुसरीं कोण असणार? तीं माझ्यासारखींच, चादरीला घडी घालणारीं. माझी कोरी पावती खरी होती, आणि अकरा स्वच्छ चित्रें मिळून एक खोटें झालें होतें. मीं त्या मुलीला डाग कसा पडला तें लिहिलें, आणि पिशवी परत पाठवावी किंवा ठेवून घेऊन आठ हजार परत घ्यावे, असें सुचवलें. तिचें उत्तर दोन ओळींचें होतें: "मॅडम, डाग चालला असता. आधीं सांगायला हवें होतें."

पिशवी तिनें ठेवून घेतली. माझ्या अकरा रात्री गेल्या.

या साऱ्या ऑनलाइन व्यापाराच्या आरंभींची एक गोष्ट मात्र मला मोठी अर्थपूर्ण वाटते. अमेरिकेंत १९९५ सालीं पियेर ओमिड्यार यांनीं जो बाजार उघडला आणि जो पुढें ईबे या नांवानें जगभर गाजला, त्यांत विकली गेलेली पहिली वस्तु म्हणजे एक मोडकें लेझर पॉइंटर होतें. १४ डॉलर ८३ सेंटांस तें गेलें. वस्तु मोडकी आहे हें आपणांस कळलें आहे ना, असें ओमिड्यारांनीं घेणाऱ्याला मुद्दाम विचारलें. तेव्हां आपण मोडकींच जमवतों, असें त्यानें कळवलें. म्हणजे या बाजाराचें पहिलें पाऊल पडलें तें डागाच्याच बाजूवर!

ते दोन रेशमी पोषाख अजून मांडलेलेच आहेत. त्यांतल्या एकाची बाही आंतून उसवली आहे. त्या बाहीचें चित्र मीं आतां सर्वांत पुढें लावलें आहे. असें केल्यानें विक्री घटेल, अशी सूचना यंत्रानें दोनदां दिली. अद्याप गिऱ्हाईक आलेलें नाहीं.

आईला मीं हें सगळें सांगितलें. तिला आतां अर्धेंच ऐकूं येतें, आणि त्यांतलें अर्धें ती नाशिकच्या वाड्यांत नेऊन ऐकते. पण बोहारणीचें नांव निघतांच तिचे डोळे लकाकले.

"भोळेपणानें कशाला दाखवीन, अग?" ती म्हणाली. "ती विरलेलें हुडकून काढायचीच. तिला तें सांपडलें कीं मग ती सबंध लुगड्यावर संशय घ्यायची. आपण होऊन दाखवलें, तर तेवढ्यापुरतेच तोडायची."

मग बराच वेळ ती कांहीं बोलली नाहीं. झोंप लागली असें वाटून मी उठूं लागलें, तों डोळे मिटूनच तिनें विचारलें, "मग तुझ्या त्या पिशवीला काय मिळालें? पातेलें?"

"बत्तीस रात्री," मी म्हणालें.

तिला तें कळलें नसावें. पण सौदा अगदींच वाईट झाला नाहीं, अशा अर्थानें तिनें मान हलवली.