नकाशात नसलेलं बेट

आयर्लंडच्या पश्चिमेला क्लेअर परगण्यात बरेनचं चुनखडीचं माळरान आहे. करडा, भेगाळलेला खडक दूरवर पसरलेला, भेगांतून डोकावणारं गवत, आणि मधूनच वाऱ्याने एका अंगाला वाकवलेलं एखादं काटेरी झुडूप. ग्लॅनक्विन इथे, अशा माळाच्या पोटात, एक जुनं शेतघर उभं आहे. ‘फादर टेड’ ही मालिका पाहिलेल्या माणसाला ते लांबूनच ओळखू येतं, कारण क्रॅगी बेटावरच्या तीन पाद्र्यांचं घर ते हेच. फक्त इथे बेट नाही. घर मुख्य भूमीवर आहे आणि समुद्र गाठायला गाडी काढावी लागते. आत दिवाणखाना असेल म्हणावं, तर तो लंडनच्या स्टुडिओत, प्रेक्षकांसमोर उभारलेला होता. चॅनेल फोरवर 1995 ते 1998 या काळात अवघे 25 भाग चाललेल्या या मालिकेचं बेट असं तुकड्यातुकड्यांनी जोडलेलं आहे. ते तुकडे शोधत मी क्लेअरमधून ॲरन बेटांकडे निघालो, आणि माझं म्हणणं असं की या खोट्या बेटाने बेटावरच्या जगण्याबद्दल जेवढं खरं सांगितलं, तेवढं खऱ्या बेटांवर जाऊन केलेल्या गंभीर चित्रणालाही नेहमी जमलेलं नाही.

ज्यांनी मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चर्चला नकोसे झालेले तीन पाद्री बिशप ब्रेननने एका आडबेटावर पाठवून दिलेत. टेडच्या नावावर पैशांची अफरातफर आहे, डूगल भोळसट आहे, म्हातारा जॅक दारूत बुडालेला, आणि घर सांभाळणाऱ्या मिसेस डॉइल ‘नको’ म्हणणाऱ्यालाही चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत. एका भागात टेड फोनवरून बेटाचा पत्ता सांगतो. बेट कोणत्याच नकाशात नाही, तेव्हा गॉलवेहून निघा आणि आण्विक कचरा टाकायला येणाऱ्या इंग्रजी बोटी दिसल्या की समजा जवळ आलात, असा तो पत्ता. बेटाची पश्चिम बाजू म्हणे वादळात वाहून गेली. विनोद वेडगळ आहे, पण राजधानीपासून लांब राहणाऱ्याचं सगळं दुखणं त्यात आलं. आपली नोंद कुणी ठेवत नाही, नको असलेलं सगळं आपल्या दारात येऊन पडतं, मग ते कचऱ्याचं पिंप असो की बदली झालेला पाद्री.

डूलिनच्या धक्क्यावरून बोट पकडली की इनिश ईर येतं, ॲरनच्या तीन बेटांतलं सगळ्यात लहान. इथे दगडी गडग्यांनी आखलेली इवली इवली शेतं आहेत. गडगे बिनचुन्याचे, दगडावर दगड ठेवून रचलेले, आणि फटी इतक्या मोकळ्या की पलीकडचं आभाळ दिसतं. वारा त्यातून निघून जातो, म्हणून भिंत टिकते. अशी दृश्यं पाहून बाहेरून येणारे कलावंत इथे फार लवकर भारावले. रॉबर्ट फ्लाहर्टीने 1934 मध्ये ‘मॅन ऑफ ॲरन’ हा माहितीपट शेजारच्या इनिश मोरवर काढला. त्यातलं कुटुंब एकमेकांशी नातं नसलेल्या बेटकऱ्यांना एकत्र आणून बनवलेलं होतं, आणि शार्कची ती प्रसिद्ध शिकार बेटावर केव्हाच बंद पडली होती; चित्रीकरणासाठी ती त्यांना नव्याने शिकवावी लागली. समुद्राशी झुंजणारा मूक वीर हवा होता, तो घडवला. ‘फादर टेड’च्या बेटावर वीर नाहीत. तिथे कंटाळा आहे, शेजारच्या रग्ड बेटाशी क्षुल्लक स्पर्धा आहे, आणि वरिष्ठ येणार म्हटल्यावर उडणारी तारांबळ आहे.

यावर एक आक्षेप जुनाच आहे: ब्रिटिश वाहिनीने आयरिश माणसांना बावळट ठरवून हसं केलं. तो हलका नाही, कारण तसल्या चेष्टेला मोठा इतिहास आहे. पण ग्रॅहम लाइनहॅन आणि आर्थर मॅथ्यूज हे दोन्ही लेखक आयरिश, प्रमुख नटही आयरिश. शिवाय हसू कुणावर येतं ते पाहावं. बिशप एमन केसी यांना एक मुलगा असल्याचं 1992 मध्ये उघड झालं आणि देश हादरला. तीनच वर्षांनी पडद्यावरच्या बिशप ब्रेननचंही असंच गुपित बाहेर येतं. चेष्टेचा रोख खुर्चीकडे आहे. आणि बेटकऱ्यांना अपमान वाटला असता, तर खरं क्रॅगी बेट कोणतं यावरून 2007 मध्ये इनिश मोर आणि इनिश ईर आपसात भांडली नसती. तो वाद फुटबॉलच्या सामन्यावर सोडवला गेला, जो मालिकेतही सहज खपला असता.

दुसरा आक्षेप असा की मालिका अकाली संपली, म्हणून आठवणींनी तिला मोठं केलं. टेडचं काम करणारे डर्मॉट मॉर्गन शेवटच्या भागाचं चित्रीकरण आटोपल्यावर दुसऱ्याच दिवशी, 28 फेब्रुवारी 1998 ला गेले, त्यामुळे हळहळ आहेच. पण तिसऱ्या पर्वानंतर थांबायचं हे आधीच ठरलं होतं, आणि ते शहाणपणाचं होतं. क्रॅगी बेट कथेच्या गरजेप्रमाणे वाढतं: एका भागात त्यावर अचानक चिनी वस्तीही निघते. आणखी पाच-सहा पर्वं झाली असती तर त्याच्या गल्ल्या ठरल्या असत्या, नकाशा पक्का झाला असता, आणि ते एखादं ओळखीचं गाव होऊन बसलं असतं.

इनिश ईरच्या पूर्व किनाऱ्यावर ‘प्लासी’ या मालवाहू जहाजाचा सांगाडा आहे. मालिकेच्या सुरुवातीला आकाशातून दिसतो तो हाच. जवळ गेल्यावर पत्र्याला पडलेली भोकं दिसतात आणि गंजाचे पापुद्रे बोटाने सुटतात. 8 मार्च 1960 च्या वादळात ते खडकावर आपटलं, तेव्हा बेटकऱ्यांनी दोर टाकून 11 जणांना वाचवलं. म्हणजे फ्लाहर्टीला हवं होतं ते शौर्य इथे खरोखर होतं. फक्त ते कॅमेऱ्याची वेळ पाहून येत नाही. मालिकेने त्यावर काहीच म्हटलं नाही, जहाज नुसतं ओझरतं दाखवलं. ते बरंच केलं. खऱ्या माणसांचं शौर्य त्यांच्यापाशी राहू दिलं आणि चेष्टेसाठी स्वतःचं बेट बनवून घेतलं. म्हणून इथे येणाऱ्याने आधी ग्लॅनक्विनचं घर पाहावं, मग बोट धरावी. घरापाशी बनावट कळून गेलेली असते. त्यामुळे इनिश ईरवर मालिकेतलं बेट शोधत बसायचं राहत नाही आणि समोरचं बेट दिसू लागतं.