‘यस’ दाबण्याआधी

महिनाअखेर जवळ आली की आमच्या अकाउंट्समधल्या काकांचा चेहरा उतरतो. चारशे लोकांच्या पगाराची फाइल! ते ती एक्सेलमध्ये बनवायचे, पेन ड्राइव्हवर घ्यायचे आणि दुसऱ्या मशीनवरून बँकेच्या पोर्टलवर चढवायचे. मधल्यामध्ये कुणी एक खाते क्रमांक बदलला असता तरी कुणाला पत्ता लागला नसता. म्हणून २०२२ मध्ये ठरलं की फाइल थेट आमच्या सर्व्हरवरून बँकेच्या सर्व्हरवर जाणार. काम अर्थातच अस्मादिकांच्या गळ्यात :)

म्हटलं, एसएफटीपी तर आहे, दुपारपर्यंत उरकेल. लागले पाच आठवडे!

तत्त्व सोपं आहे. किल्ल्यांची जोडी बनवायची. पब्लिक की बँकेला द्यायची, प्रायव्हेट की कुणालाच नाही, अगदी बँकेनं मागितली तरी. शिवाय आमचा आयपी पत्ता त्यांच्या यादीत हवा. एसएफटीपी फाइलला फक्त वाटेत सांभाळतं. पोचल्यावर ती तिथे उघडीच पडून राहते. म्हणून पाठवण्याआधी ती बँकेच्या पीजीपी कीनं बंद करायची आणि वर आपल्या कीनं सही ठोकायची.

हे सगळं ज्यावर चालतं ते एसएसएच १९९५ मध्ये फिनलंडच्या तातू युलोनेननं लिहिलं. त्याच्या विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेले होते. २१ वर एफटीपी, २३ वर टेलनेट, मधला २२ रिकामा होता, तो त्यानं मागून घेतला.

तर, पहिला खरा पगार. ३० तारीख, दुपारचे तीन. बँकेच्या सर्व्हरनं आपला फिंगरप्रिंट दाखवला आणि विचारलं, पुढे जाऊ? आजवर मी अशा वेळी डोळे मिटून ‘यस’ टाइप केलं होतं. तुम्हीही केलं असेल, खरं सांगा! पण या वेळी बँकेनं दिलेला कागद समोर होता, आणि दोन्ही जुळत नव्हते.

“अरे, यस दाब की! लोक एसएमएसची वाट बघतायत.”

“काका, थांबा. हा सर्व्हर बँकेचाच आहे कशावरून?”

ईमेलमधला नंबर मुद्दाम टाळला, करारावरच्या नंबरवर फोन लावला. तीन जणांकडे फिरून कळलं की कागदावर टेस्ट सर्व्हरचा फिंगरप्रिंट छापला होता. मग खरा फिंगरप्रिंट त्यांनी फोनवर वाचून दाखवला. मी एकेक अक्षर ताडून पाहिलं, मगच ‘यस’ केलं. तोवर साडेपाच वाजले होते. डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी चोवीस तास चालतं म्हणून निभावलं.

म्हणजे धोका काहीच नव्हता. काका आठवडाभर चिडवत होते.

पण त्या संध्याकाळी चहा देताना ऑफिसातल्या मावशी म्हणाल्या, “पगार आला हो, उद्या हप्ता जातो माझा.” चारशेतली एक ओळ त्यांची होती. मी आजवर किती ‘यस’ न वाचता दाबले, ते मोजायचा धीर मात्र झाला नाही.

असो. सोमवारी भेटूच.