बॉक्समधले पाहुणे

हाजी अलीच्या दर्ग्याला जाणाऱ्या बहुतेकांनी महालक्ष्मीचे रेसकोर्स पाहिलेले असते, पण रस्त्यापलीकडून. १८८३ मध्ये उभे राहिलेले हे मैदान म्हणजे आमच्यासाठी मुंबईतला सर्वांत जवळचा परका मुलूख. आपल्या घरांतून 'तो रेसला जातो' एवढे म्हटले की पुढे काही सांगावे लागत नाही. मुलीकडचे लोक दुसरे स्थळ पाहू लागतात. म्हणून जानेवारी २०२३ मध्ये आमच्या उर्दू शाळेच्या हेडमास्तरांच्या टेबलावर रेसकोर्सचे छापील निमंत्रण येऊन पडले, तेव्हा त्यांनी ते आधी हजेरीपटाखाली सरकवले आणि मग दार लावून आम्हांला बोलावले.

एक कंपनी शाळेला दहा कॉम्प्युटर देणार होती. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्यापैकी किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू आहे. त्या दोन टक्क्यांतला एक दाणा आमच्या वाट्याला येत होता. अट म्हणून नव्हे, पण विनंती म्हणून एक गोष्ट जोडलेली होती. त्या रविवारी एका शर्यतीचा करंडक ही कंपनी देणार होती, आपल्या पाहुण्यांसाठी तिने बॉक्स घेतला होता, आणि करंडक देताना आमच्या शाळेची चार मुले गणवेशात उभी राहून पुठ्ठ्याचा मोठा चेक हातात धरतील, तर फोटो चांगला येईल.

संस्थेच्या कमिटीची सभा झाली. अशा सभा वाचकहो, तुम्हीही पाहिल्या असतील. एकाने टेबलावर हात आपटून 'जुगाराच्या अड्ड्यावर आपली मुले?' असे विचारले. दुसऱ्याने आगाखानांचा दाखला दिला: तिसऱ्या आगाखानांच्या घोड्यांनी १९३० ते १९५२ या काळात इंग्लंडची एप्सम डर्बी पाच वेळा जिंकली, त्यांना कोणी काही म्हटले का? तिसरे सदस्य अगदी गप्प होते. त्यांना घोड्यांची नावे वंशावळीसकट पाठ आहेत, हे मोहल्ल्यात सर्वांना ठाऊक असल्यामुळे त्यांच्या मौनाचा आदर केला गेला.

मौलवीसाहेबांकडून सरसकट नकाराची आमची अपेक्षा होती. ते म्हणाले, घोड्याला नावे ठेवू नका. कुरआनातल्या 'अल्-आदियात' या सूरेची सुरुवातच धावणाऱ्या घोड्यांच्या शपथेने होते. सहीह बुखारीत आहे की हुजूरांनी (स.) स्वतः शर्यती लावल्या, तयार केलेल्या घोड्यांची हफयापासून सनियतुल वदापर्यंत, इतरांची तिथून बनी जुरैकच्या मशिदीपर्यंत, आणि अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) त्यांत धावले. शर्यत जायज. तिऱ्हाइताने दिलेले इनामही जायज. बाहेरच्यांनी पैसे लावायचे आणि हरणाऱ्याचे जिंकणाऱ्याने न्यायचे, हा मात्र किमार. म्हणजे कंपनीचा करंडक सुटला आणि त्यामागची टोटची खिडकी अडकली, जिथे सर्वांचे पैसे एकत्र करून कर आणि क्लबचा हिस्सा कापल्यावर उरलेले जिंकणाऱ्यांत वाटतात. कमिटीतल्या वकिलांनी सांगितले की सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये रेस हा कौशल्याचा खेळ ठरवला आहे. मौलवीसाहेबांनी विचारले, 'कौशल्य घोड्याचे आणि जॉकीचे. खिडकीवर उभा आहे त्याचे कुठले?' (सरकारलाही पुढे तसेच वाटलेले दिसते. २२ सप्टेंबर २०२५ पासून रेसच्या पैजेला लॉटरी आणि कॅसिनोच्या रांगेत बसवून ४० टक्के जीएसटी लावला आहे.)

आमचे म्हणणे वेगळे होते. हलाल-हरामचा निवाडा करणारे आम्ही कोण? पण चार मुलांना गणवेशात नेऊन श्रीमंतांच्या दुपारी उभे करायचे, त्यांनी चेक धरायचा, टाळ्या घ्यायच्या आणि बसने परत यायचे, हे आम्हांला पटत नव्हते. तेरा वर्षांच्या मुलाला आपण कोणाच्या उपकारात उभे आहोत हे बरोबर कळते. शेवटी ठरले, मुले जाणार नाहीत; हेडमास्तर आणि आम्ही जाऊ. कंपनीच्या मॅडम फोनवर क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, 'ठीक आहे सर, पण ड्रेस लाउंज सूट.' लाउंज सूट म्हणजे काय, यावर स्टाफरूममध्ये एक मधली सुट्टी खर्ची पडली. हेडमास्तरांनी मुलीच्या लग्नातला कोट काढला.

बॉक्स म्हणजे स्टँडवरची एक खोली, पुढे मैदानाकडे उघडी. आत सोफे, गोल टेबले, मागच्या भिंतीला जेवण आणि कोपऱ्यात बार. आमच्या टेबलावर मॅडमनी आठवणीने सरबत ठेवले होते. त्यांच्या हातात एक यादी होती. कोण कोणाशेजारी, कोणाची कोणाशी ओळख करून द्यायची, कोणाला चौथ्या शर्यतीनंतर साहेबांकडे न्यायचे. बी.एड.ला आम्ही पाठ टाचण काढत असू, उद्दिष्ट, साधने, मूल्यमापन. तसेच ते टाचण होते, आणि आमच्यापेक्षा नेटके.

कंपन्या यासाठी रेस का निवडतात, ते तासाभरात उमगले. घोडे धावतात जेमतेम सव्वा मिनिट ते अडीच मिनिटे. दोन शर्यतींत अंतर अर्ध्या तासाचे. सहा-सात शर्यतींची दुपार म्हटली तरी खरी धाव पंधरा मिनिटांची. उरलेला सगळा वेळ बोलण्याचा. क्रिकेटमध्ये माणूस सारखा मैदानाकडे पाहतो, जेवणाला बोलावले तर दोन अनोळखी माणसांनी काय बोलायचे हा प्रश्न पडतो. इथे विषय तयार असतो, 'तुमचा घोडा कोणता?' तिथून कर्ज, टेंडर, जमीन, कुठेही जाता येते. घोडे शेवटच्या वळणावर आले, खालच्या लोकांचा गलका उठला, तेव्हा आमच्या मागचे दोघे व्याजदरावर बोलत होते ते मागे वळलेही नाहीत. आम्ही मात्र कठड्याला चिकटून पाहिले. घामाने चकाकणारी ती जनावरे आणि जमिनीतून पायांत चढणारा तो टापांचा आवाज आम्हांला आवडला, हे इथे लिहायला हरकत नसावी.

प्रत्येक पाहुण्याला एक पाकीट मिळाले. आत शंभराच्या पाच नोटा, 'मजा म्हणून एखाद्या घोड्यावर लावा.' हेडमास्तरांनी ते दोन्ही हातांनी परत केले आणि म्हणाले, 'माझा घोडा हरला असे समजा.' मॅडम हसल्या. यादीत कुठेतरी खूण केली असावी.

एका पाहुण्यांनी आमच्याशी पाच मिनिटे गप्पा मारल्या आणि जाताना कौतुकाने म्हणाले, 'तुमचं मराठी फार छान आहे हो! कुठे शिकलात?' या प्रश्नाला आम्ही आयुष्यात जितक्या वेळा उत्तर दिले तितके पाढेही शिकवले नसतील. म्हणालो, 'रत्नागिरी जिल्ह्यात. आईकडे.' गृहस्थ चांगले होते, ओशाळले. आम्हीच त्यांना सरबत पुढे केले.

जेवणाकडे वळलो तर काळ्या वेस्टकोटातला एक वाढपी पुढे आला. चार वर्षांपूर्वी आमच्या दहावीच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसणारा मुलगा! भूमितीत कच्चा, पण सहलीत सगळ्यांचे डबे सांभाळणारा. आमच्या हातातली प्लेट त्याने काढून घेतली. 'सर, उस काउंटर का मत लेना, चमचे एक ही है. आप बैठो, मैं लाता हूँ.' त्याने किचनमधून वेगळा भात, वेगळी डाळ आणि लिंबू आणून दिले, हेडमास्तरांना गरम पाणी दिले कारण त्यांचा घसा बसतो हे त्याला आठवत होते. रविवारचे सातशे रुपये मिळतात म्हणाला. केटररची दहा-बारा पोरे आमच्याच वस्तीतली. घरी काय सांगतोस विचारले तर म्हणाला, 'लग्नाची ऑर्डर.'

सभेत जुगाराचा अड्डा म्हणून टेबलावर हात आपटणारे गृहस्थ त्याचे मामा. हे आम्ही कोणाला सांगितले नाही.

करंडक दिला गेला, पुठ्ठ्याचा चेक हेडमास्तरांनी एकट्यानेच धरला. फोटोत तो त्यांच्या छातीपर्यंत येतो. जूनमध्ये दहा कॉम्प्युटर खरोखर आले, वर यूपीएससुद्धा.

त्या मैदानाचेही नंतर बरेच झाले. ९९ वर्षांचा भाडेपट्टा २०१३ मध्येच संपला होता. २०२४ मध्ये सुमारे १२० एकर जागा बागेसाठी महापालिकेकडे आणि ९१ एकर क्लबकडे असा निकाल लागला. बाग झाली तर आमची मुले तिथे भिंतीच्या आत जातील, गणवेशात किंवा गणवेशाशिवाय.

दुसऱ्या वर्षी कंपनीचे निमंत्रण पुन्हा आले. या वेळी हेडमास्तरांनी ते हजेरीपटाखाली ठेवले नाही, त्याखालीच उत्तर लिहायला आम्हांला सांगितले: गेल्या वर्षी आपण आम्हांला बोलावलेत, या वर्षी आपण आमच्याकडे यावे. साहेब आले नाहीत. मॅडम आल्या, सोबत अकाउंट्सचे एक वयस्क गृहस्थ. कॉम्प्युटरच्या खोलीत टेबले भिंतीला लावून दस्तरखान पसरला होता, पालकांनी घरून बिर्याणी आणि शिरखुर्मा आणला होता, आणि वाढायला तोच मुलगा सकाळपासून हजर होता, या वेळी वेस्टकोटाशिवाय. आठवीच्या मुलींनी पाहुण्यांना आपण बनवलेली सलाइड्स दाखवली. स्पेलिंग चुकले होते ते मॅडमनी तिथेच दुरुस्त करून दिले.

जेवण झाल्यावर मॅडमनी सवयीने पर्स उघडून वही काढली आणि विचारले, 'सर, यानंतर काय कार्यक्रम आहे?'

'काही नाही,' हेडमास्तर म्हणाले, 'चहा.'